स्टँडवर सगळंच चालतं

स्टँडवर उभी केली की विजेवर चालणारी कुठलीही मालवाहू सायकल झकास चालते. मागचं चाक हवेत, थ्रॉटल पिळला की मोटर सूं करून फिरते, मीटरवर आकडे दिसतात, ब्रेक दाबला की चाक जागच्या जागी थांबतं. गिऱ्हाईक खूश, आपण खूश. तीच सायकल नव्वद किलो माल घेऊन चढाला लागली की मग खरं बोलायला लागते. गेल्या महिन्यात माझी दोनदा फजिती झाली, दोन्ही वेळा याच कारणाने, म्हणून लिहून ठेवतोय.

मी मूळचा मोटर वाइंडिंगवाला. जळालेल्या पंपाच्या मोटरी उघडायच्या, जुनं तांबं कापून काढायचं, वेढे मोजायचे, नवीन भरायचे, वार्निश पाजून भट्टीत ठेवायचं. त्यामुळे पहिली हब मोटर, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारी मोटर, उघडली तेव्हा जुना ओळखीचा भेटल्यासारखं वाटलं. फरक इतकाच की इथे सगळं उलटं. वाइंडिंग एक्सलला धरून गप्प बसतं आणि चुंबकं लावलेलं बाहेरचं टरफल फिरतं. लोखंडाचं काम मेहुणा करतो. त्याच्या वेल्डिंगबद्दल मी बोलायचं नाही आणि माझ्या वायरिंगबद्दल त्याने बोलायचं नाही, असा आमच्यात करार आहे. मी तो पाळतो.

आमची नेहमीची सायकल म्हणजे लांब नाकाची: पुढे छोटं चाक, मधे जमिनीलगत पेटी, मागे चालवणारा. डेन्मार्कमध्ये १९२०च्या दशकात ही घडण निघाली आणि ‘लाँग जॉन’ या नावाने रूढ झाली. शंभर वर्षं होत आली तरी तिच्यात बदलण्यासारखं फारसं सापडत नाही, कारण माल खाली राहतो आणि डोळ्यांसमोर राहतो. हँडल आणि पुढचा चिमटा यांना जोडणारा एक लांब दांडा पेटीखालून जातो. त्याच्या दोन्ही टोकांना गोलाकार सांधे असतात. ते थोडे जरी सैल झाले तरी सायकल दारू प्यायल्यासारखी चालते. तेवढं महिन्यातून एकदा बघितलं की बाकी तक्रार नाही.

तर पहिली फजिती. एका गिऱ्हाइकाची सायकल टेम्पोत घालून आली. मागचं चाक फिरेना. म्हणजे फिरत होतं, पण हाताने ढकललं की जड, खडखड, जणू कुणी आतून धरून ठेवलंय. मेहुणा म्हणाला, “दाजी, बेअरिंग गेलं.” मी म्हणालो, थांब. मोटरच्या तीन जाड वायरी कंट्रोलरपासून, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला मोजून देणाऱ्या डबीपासून, सोडवल्या आणि चाक पुन्हा फिरवून बघितलं. हलकं झालं असतं तर दोष कंट्रोलरमध्ये होता: आतले मॉस्फेट, म्हणजे वीज चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, शॉर्ट झाले की मोटरच्या वायरी आपसात जोडल्या जातात आणि चाक स्वतःलाच ब्रेक लावतं. पण हलकं झालं नाही. म्हणजे वायरी कंट्रोलरच्या अलीकडेच कुठेतरी एकमेकींना चिकटल्या होत्या. मग एक्सलच्या टोकाकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला.

एक्सल आपल्या खाचेत फिरला होता. हब मोटरचा एक्सल गोल असला तरी दोन बाजूंनी चपटा केलेला असतो. त्या दोन सपाट बाजूंमध्ये अंतर दहा मिलिमीटर. फ्रेमच्या खाचेत तो त्या चपटेपणामुळेच अडकून राहतो. आता हिशेब बघा. मोटर चाकाला पन्नास न्यूटन-मीटर जोर देते तेव्हा तेवढाच जोर उलट्या दिशेने एक्सलवर येतो. तो जोर पेलायला हात केवढा? जेमतेम एक सेंटिमीटर. म्हणजे खाचेच्या ओठांवर पाच हजार न्यूटन, साधारण पाचशे किलोचं वजन पडतं. त्यात ही मोटर उतारावर वीज परत बॅटरीत भरणारी होती. म्हणजे चढावर एक्सल एका दिशेने ढकलायचा, उतारावर दुसऱ्या. पुढे-मागे, पुढे-मागे, दिवसभर. नट ढिला झाला, खाच रुंदावली, आणि एका चढावर एक्सल गर्रकन फिरला. सगळ्या वायरी एक्सलच्या पोकळीतून बाहेर येतात. त्या पिळल्या गेल्या आणि कापल्या गेल्या.

आता कबुली. टॉर्क आर्म मीच बसवला होता. टॉर्क आर्म म्हणजे एक पोलादी पट्टी: एका टोकाला एक्सलच्या मापाचं छिद्र, दुसरं टोक फ्रेमला घट्ट. पाचशे किलोचा तोच जोर ती लांब हाताने पेलते. मी बसवली होती, पण एका बाजूलाच, आणि छिद्र कानसीने मोठं करताना अर्धा मिलिमीटर जास्त घासलं गेलं होतं. स्टँडवर काय कळणार? त्या अर्ध्या मिलिमीटरात एक्सलला हलायला जागा मिळाली, आणि रोज थोडी थोडी तो ती वाढवत गेला.

एक्सलमधून नवीन वायरी ओढायला पूर्ण दिवस गेला. तीन जाड, पाच बारीक. बारीक पाचमधल्या दोन वायरी हॉल सेन्सरना, म्हणजे फिरणारं चुंबक कुठे आहे ते ओळखणाऱ्या सेन्सरना, पाच व्होल्ट पुरवतात, तीन उत्तर आणतात. जोडून झाल्यावर चाक हाताने अगदी सावकाश फिरवायचं आणि मल्टिमीटरचा काटा त्या तिन्ही वायरींवर आळीपाळीने लावायचा: शून्य, पाच, शून्य, पाच असं उडी मारत जायला हवं. एखादी वायर पाचवरच बसून राहिली की तो सेन्सर मेला. एक मेला होता. तो वाइंडिंगच्या दातांमधल्या खोबणीत असतो. खरवडून काढला, नवीन बसवला, दोन थेंब इपॉक्सी. हे काम मला मनापासून आवडतं, खोटं का बोलू. या वेळी टॉर्क आर्म दोन्ही बाजूंना, छिद्र इतकं तंग की हातोडीने ठोकून बसवावं लागलं. मेहुण्याने ठोकलं. तो काहीतरी पुटपुटला, मी ऐकलं नाही.

दुसरी फजिती ट्रेलरची, आणि तिने मला जास्त दिवस छळलं.

एक ताई रोपं पोहोचवतात. त्यांच्यासाठी सायकलमागे लावायचा सोलर ट्रेलर केला होता: दोन चाकं, वर शंभर-शंभर वॉटचे दोन लवचीक पॅनेल एकामागे एक आडवे, खाली रोपांचे ट्रे. पॅनेल अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर चिकटवलेले, कारण लवचीक पॅनेलला खरोखरच वाकू दिलं तर आतल्या सेलना डोळ्यांना न दिसणारे तडे जातात. दोन्ही पॅनेल सीरिजमध्ये, चालू असताना छत्तीसेक व्होल्ट. बॅटरी तेरा सेलची, पूर्ण भरली की ५४.६ व्होल्ट. म्हणून मधे व्होल्टेज चढवणारा एमपीपीटी कंट्रोलर, म्हणजे पॅनेलमधून जास्तीत जास्त शक्ती काढून घेणारा. सुरुवातीला ट्रेलर वेगात शेपूट हलवायचा. माल चाकांच्या थोडा पुढे सरकवला, वजनाचा दहावा हिस्सा जोडणीवर टेकेल असा, आणि तो शहाणा झाला. मला वाटलं, काम संपलं.

पंधरा दिवसांनी ताईंचा फोन. “दादा, उभी असली की भरते, चालवायला लागलं की भरत नाही.”

हे वाक्य ऐकलं की कुठलाही वायरमन एकच गोष्ट म्हणेल: लूज कनेक्शन. धक्के बसतात, कुठेतरी संपर्क सुटतो. मीही तेच म्हणालो. पॅनेलच्या वायरींचे एमसी४ कनेक्टर कापून टाकले, नवीन क्रिंप केले, प्रत्येक टोक ओढून बघितलं. ट्रेलर धरून गदगदा हलवला, मीटर ढिम्म. भर दुपारी स्वतः खड्ड्यांतून चालवून आणला: १४० वॉट, एक वॉट इकडे नाही की तिकडे नाही. (दोनशेचे पॅनेल आडवे आणि तापलेले असताना १४० म्हणजे छानच. सिलिकॉन २५ अंशांच्या वर तापला की दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के शक्ती सोडतो.) सायकल परत दिली. दोन दिवसांनी पुन्हा फोन, तीच तक्रार. मग कंट्रोलर बदलला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्या फोनवर फार नम्रपणे बोलल्या. गिऱ्हाईक नम्र झालं की समजावं, त्याचा आपल्यावरचा विश्वास उडालाय.

शेवटी म्हटलं, तुमच्या वेळेला, तुमच्या रस्त्याने, तुम्हीच चालवा. मी मागून माझ्या सायकलवर येतो. सकाळी नऊची वेळ. मीटर ट्रेलरच्या मागच्या कडेला बांधला, मला दिसेल असा. निघण्याआधी ट्रेलर मोकळा उभा: ९० वॉट. ताई सीटवर बसल्या, निघाल्या: १५. ब्रेक लावून उतरल्या: ९०. पुन्हा बसल्या: १५. माझं डोकं गरगरायला लागलं. सीटवर बसण्याचा आणि पॅनेलचा काय संबंध?

मग पुढच्या पॅनेलकडे बघितलं. त्याच्या बरोब्बर मधोमध, डुलत डुलत, ताईंच्या टोपीची सावली.

ताई उन्हापासून बचाव म्हणून रुंद काठाची टोपी घालतात. सकाळी त्यांचा रस्ता पूर्वेकडे, संध्याकाळी परत येताना पश्चिमेकडे. म्हणजे दोन्ही वेळा सूर्य तोंडावर आणि सावली पाठीमागे. सूर्य क्षितिजापासून पस्तीसेक अंशांवर असला आणि टोपी पॅनेलपेक्षा दोनेक हात वर असली की सावली बरोबर सव्वा मीटर मागे पडते, जिथे माझा पुढचा पॅनेल सुरू होतो. मी चाचणी घेतली ती भर दुपारी, सावली पायाखाली असताना. आणि बिनटोपीचा.

पण दोन-तीन सेल झाकले म्हणून सहापट घट? पॅनेलमधले सेल माळेसारखे ओवलेले असतात. एक झाकला की संपूर्ण माळेचा प्रवाह त्या एकाएवढाच. यासाठी चांगल्या पॅनेलच्या मागच्या डबीत बायपास डायोड असतात, ते सावलीतल्या तुकड्याला वळसा घालून प्रवाह पुढे नेतात. मी डबीचं झाकण खरवडून उघडलं. आत दोन वायरी सरळ पट्टीला डाग दिलेल्या. डायोड नाहीच. विकत घेतानाच उघडून बघायला हवं होतं. बघितलं नाही. त्यात दोन्ही पॅनेल सीरिजमध्ये, म्हणजे पुढच्याने मागच्यालाही गळ्यात दगड बांधून बुडवलं.

ताईंना सांगितलं तर त्या पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, “टोपी काढणार नाही हं.” मी सुचवलं होतं असंही नाही, पण मनात आलं होतं.

एक उपाय म्हणजे पॅनेल डोक्यावर छतासारखे लावणं. ‘सन ट्रिप’ नावाची सौर सायकलींची लांब पल्ल्याची शर्यतवजा मोहीम आहे. २०१३ची पहिली फ्रान्सपासून कझाकस्तानपर्यंत होती. तिच्यातल्या बऱ्याच सायकलींवर असं छत दिसतं. छत केलं की चालवणाऱ्याची सावली हा प्रश्नच उरत नाही, वर सावलीत बसायला मिळतं. पण आडवा वारा आला की तेच शीड होतं, आणि ताईंची सायकल सरळ उभी, वजन वर नेलेलं तिला सोसणार नाही. मेहुण्याने कागदावर छताचं चित्रसुद्धा काढलं होतं. त्याला वेल्डिंगला निमित्त लागतं.

शेवटी साधं केलं. सीरिज सोडवली. प्रत्येक पॅनेलला स्वतःचा छोटा कंट्रोलर, दोघांची आउटपुट बॅटरीवर समांतर. दोन्ही ५४.६ ऐवजी ५४.० व्होल्टवर सेट केले. कारण बॅटरी काठोकाठ भरली आणि बीएमएसने, म्हणजे बॅटरीची राखण करणाऱ्या सर्किटने, मधेच दार लावलं, तर व्होल्टेज चढवणाऱ्या कंट्रोलरला समोर कुणीच सापडत नाही, आउटपुट उसळतं आणि तो स्वतःच मरू शकतो. त्याच भीतीने जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. सोडवताना आधी पॅनेल. हे मी पांढऱ्या रंगाने ट्रेलरच्या दांड्यावर लिहून दिलंय, बाण काढून.

आता सकाळी नऊला, टोपीसकट, पन्नासच्या आसपास मिळतात: मागचा पॅनेल पूर्ण, पुढचा नावापुरता. रोपं उतरवायला ट्रेलर उभा राहतो तेव्हा दोन्ही पूर्ण. दुपारच्या चार तासांत साडेपाचशे वॉट-तास होतात. माल भरलेल्या सायकलला किलोमीटरला पंधरा वॉट-तास धरले तर पस्तीसेक किलोमीटर. ताईंना तेवढे पुरतात.

परवा त्या ब्रेकचे पॅड बदलायला आल्या होत्या. जुनी टोपी उडून गेली म्हणे. नवीन आणली आहे, हिचा काठ आणखी चार बोटं रुंद. मी पॅड बसवले, आणि मग मीटर घेऊन थोडं अंतर त्यांच्या मागे मागे गेलो.