चेहरा सुंदर झाला, तिथेच चुकलो

आज डिचोलीला मावशीकडे गेलो होतो. गेल्या आठवड्यात तिची साखळी हिसकावून नेणाऱ्याचा चेहरा तिला आठवतोय म्हणे. "तू चित्रकार ना, काढ बघू!" बसलो कागद-पेन्सिल घेऊन.

"डोळे बारीक होते का गं?" मी विचारलं. "हो." काढले. थोड्या वेळाने म्हणते, "तू विचारलंस म्हणून हो म्हटलं रे."

पोलिसांसाठी रेखाचित्रं काढणारा असा प्रश्न विचारतच नाही. "काय दिसलं, सांगा" म्हणून गप्प बसतो, कारण सुचवलेली गोष्ट आठवणीत मिसळून जाते. तिथे चित्रकाराची शैली दिसली तर ती अडचणच. कवटीवरून चेहरा उभा करायचा असेल तर ठरावीक जागी मांसल थराची जाडी दाखवणाऱ्या खुणा लावून पुढे जायचं, मनाला येईल तसं नाही. आपल्या गोव्याचे चित्रकार अँजेलो दा फोन्सेका यांनी चित्रात मेरीमातेला साडी नेसवली, ती त्यांची दृष्टी. इथे स्वतःची दृष्टी घातलीत तर भलताच माणूस चौकीत बसायचा!

मी मात्र सवयीने गालाखाली छान छाया दिली, कानाची पाळी रेखली. मावशी बघत राहिली. "कान कुठून आणलास? हेल्मेट होतं त्याच्या डोक्यावर."

न दिसलेला भाग कोरा ठेवायचा असतो. आमच्या हाताला कोरं सोसवत नाही, त्याला काय करणार!

चित्र तिने ठेवून घेतलंय. म्हणे, "चोर नाही हा, पण दिसायला बरा आहे."