वरचा गिझर, खालचा टीव्ही

"वरनं गिझर लावला की आमचा टीव्ही जातोय. आता तुम्हीच सांगा, कुणाचं चुकतंय?"

सांगलीत विश्रामबागेकडच्या एका दुमजली घरात काकूंनी मला दारातच हे ऐकवलं. धाकट्या जाऊबाई तेव्हा जिन्यात उभ्या होत्या आणि वाक्य त्यांच्या कानावर जावं अशाच आवाजात म्हटलेलं होतं. थोरला भाऊ खाली, धाकटा वर, थ्री फेज मीटर (विजेच्या तीन वेगळ्या लाइनींचा) मात्र एकच. अशा घरात वायरमन गेला की त्याला आधी पंच करतात, मग काम सांगतात.

खालच्या मजल्यावर नुकसान बरंच झालं होतं. टीव्ही गेला, वायफायचा अडॅप्टर गेला. टीव्हीसाठी आणलेला स्टॅबिलायझरही जळका वास मारत कोपऱ्यात पडला होता. कुणीतरी "अर्थिंग खराब आहे" म्हणाल्यावर अंगणात खड्डा काढून कोळसा-मीठ घालून नवं अर्थिंगही झालं होतं. महावितरणचा माणूस येऊन मीटरपाशी बघून गेला आणि सप्लाय बरोबर आहे म्हणाला. तो खरंच बोलला होता, पण घरात कुणाला ते पटलं नव्हतं.

मी आधी जाऊबाईंकडं वर गेलो. त्यांची तक्रार वेगळीच निघाली. "दादा, गिझर नवा आहे, पण पाणी तापायला फार वेळ लागतोय. दुकानदारानं कॉइल बदलून दिली, तरी तेच. आणि तो चालू असला की पंखा मरगळतो."

खाली उजेड भगभगतो आणि त्याच वेळी वर पंखा मरगळतो. इथंच माझ्या डोक्यात न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी सामाईक वायर, आली. काकूंचं बोलणं घरात सगळे जावांचं भांडण म्हणून सोडून देत होते, पण त्यांनी जे पाहिलं होतं ते शब्दशः खरं होतं. ऑगस्टच्या दमट हवेत वर गिझर लागायचा आणि खाली वस्तू मरायच्या.

खात्री करून घ्यायला खालच्या हॉलमध्ये होल्डरला १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब लावला आणि जाऊबाईंना वर गिझर चालू करायला सांगितलं. वर खटका दाबला आणि खाली बल्ब पांढरा झाला. मग थरथरला, पुन्हा पांढरा झाला. काकू म्हणाल्या, "बघा! मी काय सांगत होते?" सॉकेटच्या न्यूट्रलच्या भोकात टेस्टर घातला तर तिथंही तो मिणमिणला, जे व्हायला नको.

हॉलमधल्या डीबीवर, म्हणजे घरभर वीज वाटणाऱ्या पेटीवर, मल्टिमीटर लावला. खालच्या फेजवर आकडा २८० पर्यंत उडत होता, वरच्या फेजवर १७० पर्यंत पडत होता. गिझर बंद केला की दोन्हीकडं २४० च्या आसपास. १७० व्होल्टवर २००० वॉटचा गिझर जेमतेम निम्म्या ताकदीनं चालतो. पाणी तापत नव्हतं ते त्यामुळं, कॉइलचा त्यात दोष नव्हता.

थोरल्या काकांना मी असं सांगितलं: तीन फेज म्हणजे तीन वाटेकरी. दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट असतात, आणि प्रत्येकाला आपापले २३०-२४० मिळतात ते मध्ये बसलेल्या न्यूट्रलमुळं. हा मधला माणूस उठून गेला की वाटणी भारावर होते. ज्याच्याकडं मोठा लोड, त्याच्या वाट्याला कमी व्होल्ट. ज्याच्याकडं एक टीव्ही आणि दोन दिवे, त्याच्या डोक्यावर उरलेलं सगळं. काका हसले. "म्हणजे आमच्यासारखंच की!" मी गप्प राहिलो, कारण जिन्यात धाकटा भाऊही येऊन उभा राहिला होता.

एमसीबी, म्हणजे डीबीतला आपोआप पडणारा खटका, का पडला नाही, हे त्यानं विचारलं. रास्त प्रश्न होता. एमसीबी जादा करंट बघतो, व्होल्टेज बघत नाही. आरसीसीबी हा दुसरा खटका करंटची जमिनीकडं होणारी गळती बघतो, आणि इथं गळती नव्हती.

आता न्यूट्रल सुटलाय कुठं ते शोधायचं. पोर्चमध्ये मीटरशेजारच्या मेन स्विचवर गिझर चालू ठेवून मोजलं. तिन्ही फेज २४०, आकडा हलत नाही. म्हणजे बिघाड मेन स्विच आणि डीबीच्या मध्ये होता. आणि मध्ये होती ग्रॅनाइटनं मढवलेली भिंत.

"ही भिंत कधी केली?"

"उन्हाळ्यात. तेव्हाच डीबी बाहेरनं आत हॉलमध्ये घेतला."

मेन स्विच पाडला, टेस्टरनं तपासून घेतलं आणि गवंड्याला बोलावून एक पट्टी काढायला लावली. काकांचा चेहरा बघवत नव्हता. पट्टीमागं प्लास्टरमध्येच चारही वायरींचे जोड होते. डीबी सरकवल्यावर जुनी अ‍ॅल्युमिनियमची वायर कमी पडली, म्हणून तिला तांब्याची वायर पिळून, वर टेप गुंडाळून भिंत बुजवून टाकलेली. तीन फेजचे जोड काळवंडले होते. न्यूट्रलचा टेप वितळून प्लास्टरला चिकटला होता. मी सोडवायला गेलो तर तांब्याची टोकं हातात आली आणि अ‍ॅल्युमिनियमची भुकटी खाली सांडली.

अ‍ॅल्युमिनियमवर हवेनं लगेच ऑक्साइडचा थर चढतो आणि त्यातून करंट नीट जात नाही. त्यात ते तांब्यापेक्षा जास्त प्रसरण पावतं. लोड आला की तापतं, फुगतं, गार झालं की सैल पडतं. भिंतीत पावसाळी ओल असेल तर दोन धातूंमध्ये गंज धरतो तो वेगळाच. असा जोड द्यायचाच असेल तर बायमेटॅलिक लग (दोन धातूंचा खास जोडतुकडा) लागतो, आणि तो उघडता येईल अशा पेटीत हवा.

मी जोड ठेवलाच नाही. मेन स्विचपासून डीबीपर्यंत १० स्क्वेअर एमएमची तांब्याची सलग वायर नव्या पाइपातून ओढली, न्यूट्रलही तेवढाच जाड. मधल्या काळात धाकट्या भावानं सुचवलं, "नवं अर्थिंग आहेच, न्यूट्रल त्यालाच जोडला तर?" पुष्कळ ठिकाणी हा उद्योग होतो, म्हणून सांगतो: तसं केलं असतं तर पुन्हा कधी न्यूट्रल सुटल्यावर फ्रिज, गिझर, वॉशिंग मशीन यांच्या पत्र्यावर करंट आला असता. टीव्हीऐवजी माणूस गेला असता.

संध्याकाळी गिझर, पंप, इस्त्री एकदम चालू करून मोजलं. तिन्ही फेज २३५ च्या आसपास. डीबीत ओव्हर-अंडर व्होल्टेजचं प्रोटेक्टर बसवलं, २७० ला तोडेल असं.

मग टीव्हीचे पैसे कुणी द्यायचे यावर चर्चा सुरू झाली. डीबी आत घ्यायचं कुणाला सुचलं होतं, इथपासून. मी हत्यारं गोळा केली. काकूंनी चहा आणला. एक कप जिन्यातही गेला, न बोलता. काकांचा प्रश्न अजून ग्रॅनाइटवरच होता: पट्टीच्या चिरेवर काय लावायचं? मी एपॉक्सी सांगितलं आणि बिल मांडलं. दोघांनी निम्मं-निम्मं दिलं.