गिझरचे धुराडे

आमच्या जुन्या घराच्या परसात तांब्याचा बंब होता. त्याच्या पोटातून उभ्या गेलेल्या नळीत गोवऱ्या, तुरीच्या काड्या, कधी शेंगांची टरफले जळत आणि धूर वरच्या तोंडातून निघून जाई. तो बंब न्हाणीत आणून ठेवावा, असे आजीला कधी सुचले नाही, कारण धूर डोळ्यांना झोंबे. पुढे जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला, बंब माळ्यावर गेला आणि त्याचे काम करणारा गॅसचा गिझर आम्ही चार बाय सहा फुटांच्या न्हाणीघरात, दाराच्या आत, भिंतीवर टांगला. त्याचा धूर दिसत नव्हता, म्हणून त्याला धुराडेही नव्हते.

जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा पाहायला बहीण मुलांना घेऊन आली होती. सकाळची थंडी आत येऊ नये म्हणून न्हाणीघराच्या झरोक्याच्या काचपट्ट्यांवर वर्तमानपत्र चिकटवलेले होते आणि एकामागून एक चार आंघोळी झाल्या. चौथी माझ्या सोळा वर्षांच्या भाच्याची. तो भिंत धरूनच बाहेर आला, डोके गच्च झाले आहे असे म्हणत पलंगावर बसला आणि लगेच त्याला उलटी झाली. आदल्या रात्री जत्रेत खाल्लेल्या भज्यांवर दोष ढकलून आम्ही मोकळे झालो असतो. पण त्याच्या आधी न्हाऊन आलेल्या बहिणीचेही डोके ठणकत होते, आणि तिने तर भज्यांना हातही लावला नव्हता. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न गिझरचा विचारला. भाच्याला मास्क लावून प्राणवायू दिला आणि संध्याकाळपर्यंत तो सावरला. अशा रुग्णांसाठी आपल्याकडच्या डॉक्टरांमध्ये ‘गॅस गिझर सिंड्रोम’ असे नावच रूढ आहे, हे मला त्या दिवशी कळले.

गॅसला पुरेशी हवा मिळाली तर ज्वलनातून कार्बन डायॉक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. हवा अपुरी पडली की त्यांच्या जोडीला कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. माणूस साध्या हवेत बसून राहिला तर रक्तातले त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला चार ते पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिल्यास साधारण दीड तास पुरतो. सिलिंडरच्या गॅसला जो उग्र वास असतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा असतो, आणि ते मर्कॅप्टन गॅसबरोबरच जळून जाते. त्यामुळे या बाबतीत नाकाचा काहीही उपयोग होत नाही.

घरी आल्यावर मी कागद घेऊन हिशेब मांडला. मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायचे, तर गिझर तासाला सुमारे एक किलो गॅस जाळतो, म्हणजे दहा मिनिटांच्या आंघोळीला साधारण दीडशे ग्रॅम. एक किलो एलपीजी पुरते जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. त्या मापाने दीडशे ग्रॅमला जवळपास दोन घनमीटर. आमच्या न्हाणीघराची उंची आठ फूट धरली तरी त्यात एकूण हवा मावते साडेपाच घनमीटरच्या आतबाहेर. म्हणजे एका आंघोळीत खोलीतली तिसऱ्या हिश्श्याहून अधिक हवा जाळातून जाते आणि साडेचारशे ग्रॅम कार्बन डायॉक्साइड व पाव किलोच्या आसपास वाफ मागे ठेवते. दुसऱ्या माणसाच्या वाट्याला येते ती ही वापरलेली हवा, आणि गिझरच्याही वाट्याला तीच. ज्योत त्या शिळ्या हवेवर जळू लागली की विष तयार व्हायला सुरुवात होते. जुन्या गिझरसोबत आलेल्या पुस्तिकेत तो न्हाणीघराबाहेर बसवावा असे स्पष्ट छापलेले होते. ती पुस्तिका आम्ही हमीपत्रासोबत जपून ठेवली होती, वाचली मात्र नव्हती.

माझे वडील गिरणीच्या बॉयलर खात्यात होते. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ सालची, आणि गिरण्यांच्या उंच चिमण्या हीच अनेक वर्षे या शहराची ओळख होती. (अलीकडे सोलापुरात चिमणी म्हटले की लोकांना जून २०२३ मध्ये विमानतळासाठी पाडलेली साखर कारखान्याची चिमणीच आठवते, तो विषय मी येथे काढत नाही.) वडील म्हणत, चिमणी धूर सोडते हे खरे, पण तिचे निम्मे काम हवा ओढण्याचे आहे, आतला तप्त वायू हलका होऊन वर चढतो, त्याच्या मागे जाळाकडे नवी हवा खेचली जाते, आणि या ओढीलाच बॉयलर खात्यात ड्राफ्ट म्हणत. धूर जाण्याची आणि हवा येण्याची वाट एकमेकींवाचून चालत नाही, ही गोष्ट त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकूनही मी माझ्याच घरात दोन्ही वाटा बुजवल्या होत्या.

बंदिस्त ज्वलनाच्या गिझरमध्ये या दोन्ही वाटा खोलीपासून तोडलेल्या असतात. युरोपात गॅसच्या उपकरणांचे ए, बी आणि सी असे तीन प्रकार मानतात. ए प्रकाराला धुराडे नसते, तो खोलीतूनच हवा घेतो आणि खोलीतच सोडतो. आमचा जुना गिझर त्यातलाच. बी प्रकार हवा खोलीतून घेतो, पण जळालेला वायू नळीने बाहेर नेतो. सी प्रकारात जाळाची पेटी हवाबंद असते: हवा बाहेरून येते, वायू बाहेर जातो आणि खोलीतल्या हवेशी जाळाचा काही संबंध राहत नाही. बहुधा यासाठी एकात एक बसवलेली दुहेरी नळी वापरतात. साठ मिलिमीटरच्या आतल्या नळीतून तप्त वायू बाहेर पडतो आणि शंभर मिलिमीटरच्या बाहेरच्या नळीच्या पोकळीतून ताजी हवा आत येते; येता येता ती थोडी तापते, हा वरचा लाभ. दोन्ही तोंडे भिंतीबाहेर एकाच ठिकाणी असल्यामुळे वाऱ्याचा दाब दोन्हींवर सारखा पडतो आणि ज्योत विचलित होत नाही. न्हाणीघरात हवा बाहेर फेकणारा पंखा असेल तर बी प्रकारात तो नळीतला वायूच उलटा खोलीत ओढू शकतो. सी प्रकाराला त्या पंख्याची बाधा नाही.

असा गिझर आपल्याकडच्या दुकानांत सहसा मांडलेला दिसत नाही. हवा ओढायला आणि वायू फेकायला त्यात स्वतःचा छोटा पंखा असतो. मी तो मागवून घेतला. बसवायला आलेला मिस्त्री हुशार आणि हाताचा नेमका होता, पण दुहेरी नळी पाहून त्याने ती डक्टमध्ये सोडू या असे सुचवले. “बाहेरच्या भिंतीला कोअर कटिंग करावं लागतंय काका, खर्च वाढतोय. डक्ट हाय की इथंच.” आमच्या इमारतीतला डक्ट म्हणजे चार फ्लॅटच्या न्हाणीघरांमधली, तीन फूट रुंद आणि वर निम्मी पत्र्याने झाकलेली उभी पोकळी. तिच्यात प्रत्येक मजल्याचे झरोके उघडतात. तिथे नळीचे तोंड काढले असते तर दोन गोष्टी घडल्या असत्या. एक म्हणजे साचलेला वायू त्याच तोंडाच्या हवेच्या वाटेने परत जाळाकडे गेला असता, आणि मग पेटी कितीही हवाबंद असली तरी ज्योत पुन्हा शिळ्याच हवेवर जळली असती. दुसरी गोष्ट अधिक वाईट होती. जे विष माझ्या भाच्याने घेतले ते वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाला मी झरोक्यातून पोहोचवले असते आणि त्यांच्याकडे तर संशय घ्यायला गिझरही नव्हता. मिस्त्रीला हे मी डक्टमध्ये उदबत्ती धरून दाखवले. धूर वर जाईल अशी त्याची खात्री होती. तो हातभर वर गेला, घुटमळला आणि समोरच्या झरोक्यात शिरला.

शेवटी रस्त्याच्या बाजूची नऊ इंची भिंत कापली. ब्रिटनमधील नियमांत पंख्याच्या धुराड्याचे तोंड उघडणाऱ्या खिडकीपासून किमान तीनशे मिलिमीटर दूर असावे आणि समोरासमोरच्या दोन तोंडांत बाराशे मिलिमीटर अंतर असावे असे सांगितलेले आहे; आपल्याकडे मोजायला कोणी येत नाही म्हणून मी तेच माप धरले आणि खिडकीपासून दीड फूट सोडले. नळीला बाहेरच्या बाजूला किंचित उतार दिला, कारण पावसाचे पाणी आत येऊन बर्नरवर पडता कामा नये. (थंड देशांतल्या कंडेन्सिंग बॉयलरमध्ये हा उतार उलट, यंत्राकडे देतात, तिथे वाफेचे आम्लयुक्त पाणी मुद्दाम गोळा करून सोडायचे असते. परदेशातली चित्रफीत पाहून उतार द्यायचा असेल तर आधी यंत्राचा प्रकार पाहावा.) वळणे जितकी कमी तितके बरे, कारण प्रत्येक कोपरा पंख्याला नळीच्या वाढीव लांबीसारखा जड जातो.

मिस्त्रीशी माझा खरा वाद झाला तो सांध्यावरून. नळी गिझरच्या माथ्यावर नुसती दाबून बसवली की घट्ट वाटते, आणि त्याला स्क्रू व रबरी कडे अनावश्यक वाटत होते. दक्षिण कोरियातील गांगनुंग येथे डिसेंबर २०१८ मध्ये एका विश्रामगृहात उतरलेल्या दहा विद्यार्थ्यांपैकी तिघांचा मृत्यू झाला. तिथल्या बॉयलरची धुराची नळी सांध्यातून निखळलेली होती. धुराडे ही गिझरच्या सोबत मिळणारी जोडवस्तू नाही, गिझरचाच भाग आहे, आणि तो सैल राहिला तर सर्वांत महागडे यंत्र आमच्या जुन्या गिझरच्या पंक्तीला येऊन बसते. परदेशांतले तंत्रज्ञ म्हणूनच वायूमापक यंत्राची नळी हवेच्या वाटेत घालून पाहतात. तिथे प्राणवायू २०.६ टक्क्यांहून कमी किंवा कार्बन डायॉक्साइड ०.२ टक्क्यांहून अधिक आढळला, तर आतली नळी कोठेतरी फुटली आहे असा त्याचा अर्थ होतो. सोलापुरात मला असे मापक मिळाले नाही. मी न्हाणीघराबाहेरच्या बोळात कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा तेवढा लावला आहे.

वीज गेली की हा गिझर बंद पडतो. पंखा फिरतो आहे याची खात्री दाबाचा एक छोटा स्विच करून घेतो आणि मगच गॅसची झडप उघडते, त्यामुळे भारनियमनाच्या सकाळी घरात कुरकुर होते. वर्षभरात दोघांनी मला तो स्विच वगळून तार ‘डायरेक्ट’ करून देण्याची तयारी दाखवली आहे. जपानमध्ये नेमके हेच झाले होते. पंखा बंद असताना गॅस तोडणारी यंत्रणा दुरुस्ती करणाऱ्यांनी तारा जोडून निकामी केली आणि १९८५ पासूनच्या वीस वर्षांत अशा गिझरांमुळे एकवीस माणसे दगावल्याचे २००६ मध्ये उघडकीस आले. वीज नसलेल्या सकाळी आम्ही चुलीवर, म्हणजे गॅसच्या शेगडीवर, पातेल्यात पाणी तापवतो.

हे सारे वाचून प्रत्येकाने माझ्यासारखा खर्च करावा असे मला वाटत नाही. ज्यांच्या न्हाणीघराला लागून उघडी गच्ची किंवा परस आहे त्यांनी साधा गिझर तिथे भिंतीवर, पावसापासून आडोशाला लावावा आणि फक्त गरम पाण्याची नळी आत आणावी. मोकळ्या हवेइतके स्वस्त धुराडे दुसरे नाही. सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे घराच्या पुढच्या खोलीत माग चालतात, तिथे मात्र एक गोष्ट पाहिली पाहिजे. मागाची रुई हवेत तरंगत असते आणि शेगडीच्या बर्नरच्या हवेच्या छिद्रांत जाऊन बसते, मग निळी ज्योत पिवळी होते आणि पातेल्यांना काजळी धरू लागते. तीच रुई गिझरच्या बर्नरमध्येही जाते, फक्त तिथे काजळी पाहायला कोणी डोकावत नाही. बाहेरून हवा घेणाऱ्या गिझरला घरातल्या रुईची भीती नाही, परंतु बाहेरच्या तोंडावरची जाळी दर महिन्याला पाहावी लागते. गेल्या मे महिन्यात आमच्या जाळीच्या कडेला गांधीलमाश्यांनी पोळे धरले होते.

सध्या माझ्यापुढे एक नवी अडचण उभी आहे. शेजारच्या फ्लॅटचे मालक स्वयंपाकघराला बाहेरच्या भिंतीत आणखी एक खिडकी काढणार आहेत, आणि त्यांनी खडूने मारलेली रेघ माझ्या धुराड्याच्या तोंडापासून जेमतेम एक वीत आहे. खिडकीचा हक्क त्यांचा आहे, धुराडे मात्र आधीचे आहे. रविवारी टेप घेऊन मी त्यांच्याकडे जाणार आहे. रेघ दोन फूट सरकली तर उत्तम, नाही तर मला नळीला एक कोपरा देऊन तोंड पलीकडे न्यावे लागेल, आणि तो मिस्त्री पुन्हा एकदा डक्टकडे बोट दाखवील.