काकू, शिंकू नका

माझा मोबाइल मी पाडला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण घरात कुणाचाच विश्वास बसत नाही. ओट्यावर पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला होता, आवाज बंद आणि थरथर चालू. माझे दोन्ही हात कणकेत. तेवढ्यात फोन आला. मोबाइल घुर्र घुर्र करत ग्रॅनाइटवरून चालायला लागला, कडेपर्यंत आला, आणि मी "अरे अरे" म्हणेपर्यंत फरशीवर. फोन कुणाचा, तर कर्ज हवंय का म्हणून विचारणाऱ्या बाईचा.

काच शाबूत होती, साधा ओरखडासुद्धा नव्हता. पण मोबाइल गेला तो गेलाच. चार्जर लावून पाहिला, बटण दाबून धरलं, ढिम्म.

माझ्या लहानपणी अशा दुखण्यावर घरच्या घरी इलाज असायचा. आमच्याकडे वॉल्व्हचा रेडिओ होता. बटण फिरवल्यावर मिनिटभर काहीच व्हायचं नाही, मग आतले दिवे तांबूस व्हायचे, कापडामागून खरखर यायची आणि तिच्या पाठोपाठ आवाज. ऐन बातम्यांत आवाज गेला की आई स्वयंपाकघरातून उठून यायची आणि रेडिओला एक थाप मारायची. कुठे मारायची आणि किती जोरात, हे तिचं स्वतःचं शास्त्र होतं. वडिलांच्या थापेला तो कधी दाद द्यायचा नाही. मोठेपणी कळलं, यात चमत्कार काही नव्हता. वॉल्व्हचे पाय खोबणीत नुसते बसवलेले असत. तापून आणि निवून ते सैल होत, कधी गंज धरत, आणि थापेनं पुन्हा नीट टेकत.

मोबाइलला थाप मारायची तर कुठे? त्याला पुढची बाजू आहे, मागची आहे, पण आईच्या अर्थानं पाठ नाही.

म्हणून तपकीर गल्ली. बुधवार पेठेतली ही गल्ली पुण्यात विजेच्या सामानासाठी प्रसिद्ध. कधीकाळी तिथे तपकीर विकत असावेत, नावावरून तरी तसं वाटतं. आता वायरींची भेंडोळी, दिव्यांच्या माळा, आणि एका जिन्याखाली दुरुस्तीचं दुकान. दुकान म्हणजे एक टेबल, एक मायक्रोस्कोप, एक पडदा आणि पंचविशीचा एक मुलगा. त्यानं माझा मोबाइल गरम करून उघडला, आतली हिरवी पट्टी बाहेर काढली आणि पॉवर सप्लायच्या तारा लावल्या. बटणाला हात न लावताच करंटचा काटा वर गेला.

"लाइन शॉर्ट आहे, काकू."

"म्हणजे?"

"म्हणजे कुठंतरी करंट पितोय. कोण पितोय ते शोधायचं."

शोधण्याची त्याची रीत पाहून मी थक्क झाले. त्यानं तापलेल्या सोल्डरिंगच्या टोकाला राळ लावली आणि तिचा धूर बोर्डावर सोडला. तीच आपली राळ. बघता बघता बोर्डावर थंडीतल्या काचेवर धरते तशी पांढरी साय धरली. मग त्यानं बोर्डाला बेताचा करंट दिला. पडद्यावर तो सगळा बर्फाळ प्रदेश दिसत होता, काळ्या चौकोनी गढ्या आणि त्यांच्याभोवती तपकिरी विटांच्या रांगा. त्यातली एक वीट, एकच, ओली झाल्यासारखी चमकायला लागली. तिच्यावरची राळ वितळली होती. चोर तापला होता.

इकडे राळेचा धूर माझ्या नाकात गेला होता.

"काकू, शिंकू नका हं!" तो चिमटा हवेत धरून ओरडला. "मॅटवर पार्ट आहेत. गेले तर मिळायचे नाहीत."

मी मॅटकडे पाहिलं. मॅटवर काहीच नव्हतं. होती ती धूळ. ती धूळ म्हणजेच पार्ट. मी नाक दाबून जिन्याबाहेर गेले, दोनदा शिंकले आणि परत आले. तपकीर गल्लीत शिंकायची बंदी झालेली मी पहिलीच असेन.

तो चोर म्हणजे एक कपॅसिटर, थोडीशी वीज साठवून ठेवणारा कण, ०.४ मिलिमीटर लांब आणि ०.२ मिलिमीटर रुंद. आपल्या स्वयंपाकघरातलं माप लावायचं तर मोहरी फार मोठी झाली, राजगिराही मोठाच, खसखससुद्धा त्याच्यापुढे दांडगी. मिठाच्या कणाशी जेमतेम बरोबरी होईल. आणि म्हणे हा काही सगळ्यात लहान नव्हे. क्योटोच्या मुराता कंपनीनं २०२४ मध्ये ०.१६ बाय ०.०८ मिलिमीटरचा जाहीर केला आहे. तो मिठाच्या कणावर ठेवला तरी कण मोकळाच दिसेल.

त्याच्या लहान असण्याचं मला फारसं नवल वाटलं नाही. लहान काय, धूळही लहान असते. नवल वाटलं ते आत काय असतं ते कळल्यावर. हा कण म्हणजे चिरोटा आहे. अगदी शब्दशः. बेरियम टायटनेट नावाच्या चिनीमातीसारख्या पदार्थाची पातळ पोळी करायची, तिच्यावर निकेलच्या शाईचा साटा लावायचा, त्यावर दुसरी पोळी, पुन्हा साटा, असे काही शे पदर एकावर एक. मग दाबायचं, कापायचं आणि शेवटी तळण्याऐवजी भट्टीत हजारावर अंशांना भाजायचं. एकेक पदर मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ. दिवाळीत माझ्या चिरोट्याचे सात पदर सुटले तर मी शेजारी दाखवायला नेते. एका चांगल्या मोबाइलमध्ये असे हजाराच्या आसपास चिरोटे असतात.

एवढे कशाला? मुख्य चिपला अचानक तहान लागते. एका क्षणी ती गप्प असते, दुसऱ्या क्षणी घटाघटा वीज मागते, आणि तेवढ्यासाठी बॅटरीपर्यंत जायला तिला वेळ नसतो. म्हणून तिच्या उशाशी हे तांबे भरून ठेवलेले. रात्री उठून माठापर्यंत जावं लागू नये म्हणून आजी ठेवायची तसे. मोबाइल आपटला, बोर्ड किंचित वाकला, की चिरोट्याला चीर जाते, पदराला पदर टेकतो, तांब्याला भोक पडतं आणि घरभरचं पाणी त्या एका भोकातून वाहून जातं.

मुलानं गरम हवेचा झोत मारला आणि चिमट्यानं तो कण उचलला.

"आता नवा घालणार?"

"नाही. गरजच नाही. या लाइनला असे खूप आहेत, बाकीचे घेतील सांभाळून."

काटा खाली आला होता. ज्याच्या असण्याची कुणाला खबर नव्हती आणि ज्याच्या जाण्यानं कुणाचं अडणार नव्हतं, त्यानं मधल्या काळात सगळं घर बंद पाडून दाखवलं होतं. असे लोक प्रत्येक ऑफिसात असतात. मी बँकेत तीस वर्षं काढली आहेत, नावं सांगत नाही.

बोर्ड थंड होईपर्यंत त्यानं मला बाकीची गढी फिरवून दाखवली. एका काळ्या चौकोनावर चिमट्याचं टोक ठेवलं. तीन बाय अडीच मिलिमीटर. "मोबाइल आडवा केला की व्हिडिओ आडवा होतो ना, तो यांच्यामुळं." त्यानं त्या चौकोनाला आदरार्थी बहुवचन का वापरलं, कोण जाणे. मला आवडलं.

आमची अशी समजूत की मोबाइलमध्ये हलणारं काही नसतं. घड्याळात चाकं, पंख्यात पाती, मोबाइलमध्ये नुसती वीज. चूक. त्या चौकोनात सिलिकॉनची एक इवलीशी पाटी आहे, सिलिकॉनच्याच स्प्रिंगांवर टांगलेली. तिच्या कडांना फणीसारखे दात आहेत, आणि ते समोरच्या स्थिर फणीच्या दातांत अडकवल्यासारखे, पण न टेकता, बसवलेले. फट केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी. मोबाइल हलला की पाटी मागे राहते, फट कमीजास्त होते, आणि तो फरक विजेच्या भाषेत वर कळवला जातो. १९९०च्या दशकात ही युक्ती मोटारींच्या एअरबॅगसाठी मोठ्या प्रमाणावर वापरात आली, धडक बसली हे ओळखायला. पुढे ती आपल्या खिशात आली.

थोडक्यात पाळणा. टांगलेलं वजन आणि त्याचं हलणं.

पाळण्यावरून आमच्या घरात एक गोष्ट आहे. ११ डिसेंबर १९६७, पहाट. आम्ही साताऱ्याला भाड्याच्या घरात होतो, मी नऊ महिन्यांची. आई सांगते, तिला जाग आली ती कड्यांच्या कुरकुरीनं. अंधारात पाळणा आपोआप झोके घेत होता. वडील शेजारी घोरत होते. झोका देतंय कोण? असं ती म्हणते न म्हणते तोच फडताळातली भांडी कोसळली. मला उचलून ती अनवाणी रस्त्यावर आली. तो कोयनेचा भूकंप. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, हे दुसऱ्या दिवशी थापेच्या रेडिओनं सांगितलं.

आता माझा मोबाइल रात्री चार्जरला लावून निपचित पडलेला असतो, तेव्हा त्याच्यातला पाळणाही जागा असतो. गुगलनं २०२० मध्ये अँड्रॉइड मोबाइलांवर ही सोय आणली, भारतात २०२३ मध्ये. जमीन हादरली की एका भागातले अनेक मोबाइल एकदम "पाळणा हलला" असं कळवतात आणि मग लांबच्या लोकांना, त्यांच्यापर्यंत हादरा पोचायच्या आत, इशारा जातो. एकट्या मोबाइलनं सांगितलं तर कुणी विश्वास ठेवत नाही. माझी त्याला पूर्ण सहानुभूती आहे.

आणि हो, तो पडला त्या दिवशी. ओट्यापासून फरशीपर्यंत जेमतेम ०.४ सेकंद. एरवी ती पाटी स्वतःच्या वजनानं जराशी झुकलेली असते, म्हणून तर खाली कुठे ते मोबाइलला कळतं. पडताना मात्र पाटी आणि मोबाइल दोघं बरोबरच पडतात, झोक सरळ होतो, वजन शून्य. आपण पडतोय हे त्याला त्याच क्षणी कळलं असणार. आयबीएमनं २००३ मध्ये लॅपटॉपात हीच खूण वापरली होती. यंत्र पडायला लागलं की खाली आपटण्याआधी हार्ड डिस्कची सुई बाजूला घ्यायची. माझ्या मोबाइलला बाजूला घेण्यासारखं काही नव्हतं. बिचारा ०.४ सेकंद नुसता जाणत राहिला.

आणखी एक चौकोन दाखवला त्यानं, त्याहून लहान. फिल्टर. हवेत शेकडो प्रकारच्या लहरी भरलेल्या असतात, त्यातली आपली तेवढी घ्यायची आणि बाकी गाळायच्या, ही चाळणी. पण एक गिगाहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला अब्ज वेळा थरथरणारी, रेडिओलहर असते फूटभर लांब. तिला चाळायला चाळणीही तशीच मोठी लागेल, ती मोबाइलात मावायची कशी? म्हणून आत आलेल्या लहरीचं एका स्फटिकाच्या पाठीवर तरंगात रूपांतर करतात. स्फटिक खरोखरच थरारतो. स्फटिकातला हा तरंग विजेपेक्षा लाखपटीनं हळू चालतो, म्हणून लाखपटीनं आखूड होतो, तीन-चार मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या तीन-चार पट. तो सहज चाळता येतो. मग चाळलेल्याची पुन्हा वीज करायची. पृष्ठभागावरून सरपटत जाणाऱ्या असल्या लाटांचं गणित लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञानं १८८५ मध्ये मांडलं, आणि भूकंपात जमिनीवरून धावतात त्या लाटाही याच कुळातल्या. म्हणजे साताऱ्याच्या पहाटेचा एक कण माझ्या मोबाइलात आहे, आणि लेकीचा फोन त्यातूनच गाळून येतो.

मला हे सगळं तिथल्या तिथे कळलं असं नाही. बरंचसं घरी येऊन वाचलं. तिथे मी एवढंच विचारलं, की खालच्या बाजूला दोन भोकं आहेत त्यातल्या चुकीच्या भोकात मी सिमची पिन एकदोनदा घातली आहे, तर काही होतं का? मुलानं डोळे मिटले. ते माइकचं भोक. आत मिलिमीटरभराचं, श्वासानंही हलणारं कातडं ताणून बसवलेलं असतं, तबल्यासारखं. "पिन घालू नका, काकू." शिंकू नका, पिन घालू नका. बायकांच्या व्रताचे नियम असतात तसे नियम घेऊन मी निघाले. निघताना तो कपॅसिटर मागून घेतला. त्यानं सेलोटेपच्या तुकड्यावर चिकटवून दिला.

घरी आईला दाखवला. तिनं चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा उतरवला, तुकडा खिडकीशी नेला.

"कुठे आहे?"

"तो काय, मधोमध."

"हे होय. मला वाटलं टेपला मीठ लागलंय. किती घेतले?"

"सहाशे."

"एवढ्याशाचे सहाशे?"

"घालायचे नाही गं, काढायचे घेतले. घातलं काहीच नाही."

यावर आई बराच वेळ काही बोलली नाही. मग टेबलावर काळा पडलेला मोबाइल तिनं उचलला, डाव्या हातावर पालथा धरला आणि उजव्या हातानं मागून एक थाप मारली. फार जोरात नाही, बेतानं. उलटा करून पाहिला तर पडदा उजळलेला.

"पाठीवर मारायची असते," आई म्हणाली.