दोन पावलं उजवीकडे

रात्रीचे पावणेबारा. झोप नाही.

अण्णांची शोकसभा झाली. व्यवस्थित झाली. वाचनालयाचा हॉल बऱ्यापैकी भरला होता. संपल्यावर चपला शोधत होतो, तर बंड्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "जबरी बोललास. आणि तो पॉज! काटाच आला."

तेव्हा नुसतं "हं" म्हटलं. घरी येऊन पाय धुताना आठवलं, बोलायला उठल्यावर मी आधी दोन पावलं उजवीकडे सरकलो होतो. डावीकडची ट्यूब फडफडत होती, उजवीकडची चांगली होती.

अण्णांना जाऊन दहा दिवस झाले नाहीत आणि मी उजेड बघून रडलो.

रडलो ते खरं. गळा काही मी ठरवून दाटवला नाही. पण दाटल्यावर मान खाली घालायची, तर ती मी सावकाश शेवटच्या रांगेकडे नेली. शेवटच्या रांगेत होतं कोण? रिकाम्या खुर्च्या आणि पाण्याचा जार. पंचवीस वर्षं राज्य नाट्य स्पर्धेला तोंड रंगवून ही कमाई. दवाखान्यात तीनदा जायचं ठरवलं होतं, तेव्हा मात्र... जाऊ दे.

नगरसेवक आले होते. फोटोला हार घातला आणि फोटोवाल्याचं होईपर्यंत हात तसेच हारावर. मी बंड्याला कोपरानं ढोसलं. नंतर अर्ध्या तासात मी उजवीकडे सरकलो. त्यांच्याकडे निदान फोटोवाला तरी होता.

पाच नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, विष्णुदास भावे पदकाचा कार्यक्रम आटोपून चालत परतताना अण्णा दरवर्षी तीच गोष्ट सांगायचे. १२ मार्च १९११, 'मानापमान'चा पहिला प्रयोग, त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी गेली, आणि तरी ते नायिका भामिनी होऊन रंगमंचावर उभे राहिले. सांगताना अण्णांचा आवाज बसायचा. दरवर्षी त्याच वाक्याला, बहुतेक त्याच खांबापाशी. आम्हाला पाठ होतं, तरी डोळे भरायचे. आज ती गोष्ट उलटी अंगावर आली. बालगंधर्वांनी दुःख आत दाबून वर भामिनी चढवली. माझ्याकडे चढवायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मी दुःखच चढवलं.

हे वाक्यही जरा जास्तच झालंय. असू दे.

कोल्हापूरला त्या पिक्चरमध्ये चार वाक्यं होती माझी. जमिनीवर चिकटपट्टीची फुली मारलेली. चालत येऊन बरोबर तिच्यावर थांबायचं, पण तिच्याकडे बघायचं नाही. वर कॅमेरामनचं चालूच, "सर, भुवया कमी." अकरा टेक झाले. अण्णांना सांगितलं तर ठसका लागेपर्यंत हसले. "नटाला फुली कशाला लागते रे? उजेडाची ऊब गालाला कळते."

म्हणजे खोड लावली कुणी? पहिल्या तालमीत ह्याच माणसानं माझी कॉलर धरून मला स्पॉटखाली ओढलं होतं. "अंधारात रडून काय उपयोग गाढवा, लोकांनी तिकीट काढलंय." आज तिकीट नव्हतं हे मान्य. पण समोर फोटोत तेच बसलेले. मी डावीकडच्या फडफडत्या ट्यूबखाली बोललो असतो, तर फोटोतूनही ओरडले असते.

तरी ती दोन पावलं खुपतातच. न कळत टाकली असती तर गोष्ट वेगळी. ट्यूब बघितल्याचं मला आठवतंय.

आत्ताच बंड्याचा व्हिडिओ आला. रडण्याआधी मी घड्याळाकडेही बघितलंय, हे नवीनच. पॉज मोजला. पाच सेकंद. अण्णा म्हणाले असते, तीन पुरे होते. आणि त्या पाच सेकंदांत मागून माईचा आवाज येतो, अगदी रोजच्या पट्टीत, "चहाला दूध पुरेल का गं?"