निवट्यांची काचपेटी

अठ्ठावीस फेब्रुवारी म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिन. त्या निमित्ताने आमच्या प्राणिशास्त्र विभागाने यंदा रायगडमधली धरमतरची खाडी मांडायचं ठरवलं. तक्ते आणि फॉर्मॅलिनच्या बरण्या दरवर्षीच असतात. या वेळी जिवंत निवट्या, म्हणजे खाडीच्या चिखलात राहणारे छोटे मासे, ठेवायच्या, असं सर म्हणाले आणि काचपेटीचं काम माझ्याकडे आलं. मी इथे बावीस वर्षं प्रयोगशाळा सहायक आहे. माशांच्या टाक्या कितीतरी लावल्या आहेत, पण अर्धं पाणी आणि अर्धी जमीन असलेली पेटी पहिल्यांदाच लावत होते.

पेटी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. मधोमध सिलिकॉनने काचेची उभी पट्टी चिकटवली. एका बाजूला आठ इंच पाणी, दुसऱ्या बाजूला तेवढाच चिखल. चिखल भरपूर हवा म्हणून मुलांनी खाडीकाठी फूटभर खणून बादल्या भरून आणल्या. सव्वीसच्या दुपारी सहा निवट्या आणि दोन खेकडे आत सोडले. पेटी सुंदर दिसत होती. काचेतून पाणी नितळ दिसेल म्हणून मी पंपही लावला होता.

सत्तावीसला सकाळी साडेसातला दार उघडलं तर कुजक्या अंड्यांचा वास आला. दोन निवट्या तळाशी पडल्या होत्या, पांढऱ्या पडलेल्या. तिसरी कोपऱ्यात काचेला टेकून तोंड वर काढून होती, सारखी घसरत होती आणि पुन्हा वर येत होती. पट्टीच्या पलीकडे, वीतभर अंतरावर चिखल होता आणि तिला तिथे चढता येत नव्हतं. रात्रभर ती तशीच धडपडत असणार. मी तिला ओंजळीत उचलून ओल्या फडक्यावर ठेवलं. हातात तिचे कल्ले फुगत होते, मिटत होते.

मेलेल्या दोघी नेहमीप्रमाणे बरणीत घालाव्यात असं मला वाटलं नाही. आवारातल्या नारळाच्या बुंध्याशी पुरल्या.

खाडीच्या बंदरावर एक मावशी निवट्या विकायला बसतात. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून हातानेच पकडतात. त्यांच्याकडे धावले आणि मोबाइलवर पेटीचा फोटो दाखवला. त्यांनी तो जरा लांब धरून पाहिला.

"एवरं पानी कशाला गो बाय? निवटी काय बोंबील हाय? तिला चिकल दे, वल दे."

मग फोटोतल्या काळ्या चिखलावर बोट ठेवलं. "हा खालचा. हा नको. वरचा घे, बदामी."

इतकी वर्षं पाठ असलेली गोष्ट मला तिथे उभं राहून समजली. खोलवरच्या चिखलात प्राणवायू नसतो. तिथले जीवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, त्याचाच तो वास. तो चिखल उपसून पाण्याशेजारी ठेवला की पाण्यातला प्राणवायूही संपू लागतो. आणि वरचा बदामी थर म्हणजे डायटम, सूक्ष्म शैवाल. आमच्याकडे दिसणारी निवटी, बोलिओफ्थॅल्मस ड्युसुमिएरी, तोच थर खरवडून खाते. मी तिला राहायला विष आणि खायला काहीच नाही असं घर दिलं होतं.

त्या दिवशी अष्टमी होती. आपल्या किनाऱ्यावर तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची साधारण वेळ येते. आठ पाऊण सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. अष्टमीच्या सुमाराची भरती-ओहोटी कमी जोराची, तिला भांग म्हणतात. भांगाचं पाणी फार आत जात नाही, पण आम्हाला काठच हवा होता. अकराला दोन मुलांना घेऊन गेले. झाऱ्याच्या पात्याने लोणी काढावं तसा वरचा बोटभर थरच काढायचा, असं बजावलं. हे काम हळू होतं. दोन बादल्यांना सव्वा तास लागला.

परत येऊन पेटी रिकामी केली, ब्लेडने सिलिकॉन कापून ती काचपट्टी काढून टाकली. एका टोकाला गोटे रचले, त्यावर शेडनेट ताणलं, वाळू ओतली आणि सबंध पेटीभर एकच लांब उतार केला. वाळूवर बदामी चिखल. पाणी फक्त खालच्या टोकाला, तीन इंच, खाडीचंच. चिखलाच्या कडेला पाणी नुसतं चाटून जाईल इतकंच. अशा पेटीत ही कडच सगळ्यात महत्त्वाची. निवटी पाण्यातही नसते आणि कोरड्यावरही नसते, ती या दोहोंच्या मधल्या ओलीत जगते. अंग आणि तोंड आतून ओलं असेल तोवर ती हवेतून श्वास घेऊ शकते. म्हणून वर काचेचं झाकण, फक्त दोन बोटं फट ठेवून. आत दमटपणा राहिला पाहिजे, शिवाय ती उडी मारून बाहेर पडता कामा नये.

काचेवर मार्करने पाण्याची रेघ ओढली. पाणी उडून गेलं तरी मीठ मागेच राहतं, म्हणून रेघेपर्यंत भर घालायची ती गोड्या पाण्याची. नळाच्या पाण्यात सोडियम थायोसल्फेटचे थेंब टाकून क्लोरीन काढलं. एका मुलाने छोटा पंप, टायमर आणि बादली जोडून भरती-ओहोटीही करून दिली. दर सहा तासांनी पाणी इंचभर चढायचं, मग उतरायचं. खरी भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, तेवढं काही जमलं नाही.

चौघी निवट्या संध्याकाळी सहाला सोडल्या. कोपऱ्यातली ती सगळ्यात शेवटी. बराच वेळ ती पाण्याच्या कडेला नुसती बसून राहिली. मग एका कुशीवर लोळून अंग ओलं केलं, एक डोळा खोबणीत आत ओढून घेतला आणि पुन्हा वर काढला. पापणी नसलेला हा मासा डोळा असा ओलावतो. मी खुर्ची ओढून पेटीसमोर बसले. सर दोनदा डोकावून गेले, काही बोलले नाहीत.

साडेआठला ती पुढच्या परांवर रेटत उतार चढली. तोंड चिखलाला टेकवलं आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे मान हलवत हळूहळू सरकू लागली. मागे बदामी थरावर नागमोडी फिकट पट्टा उमटत गेला. कुणी बोटाने पीठ निपटावं तसा. मी टॉर्च लावून मोजला, साधारण चार इंच होता.

प्रदर्शन संपल्यावर तिसऱ्या दिवशी ओहोटी बघून चौघींना आणि खेकड्यांना जिथून आणलं तिथेच नेऊन सोडलं. मावशी तेव्हा पाटी भरून वर येत होत्या. त्यांनी बादलीत वाकून पाहिलं, "चांगल्या हायेत," म्हणाल्या आणि बाजूला होऊन आम्हाला उतरायला वाट दिली.