व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आणि शंभर हर्ट्झचा सूर

गुरुवार, रात्री साडेअकरा

सहा आठवडे टेबलावर उघडा पडलेला ॲम्प्लिफायर आज पहिल्यांदा चालू केला. 1950 च्या दशकात फेंडर कंपनीने ‘चॅम्प’ नावाचा जो लहानसा गिटार ॲम्प्लिफायर काढला होता, त्याच्या 5एफ1 या मांडणीवरून हा घरी बांधला आहे. पुढे एक 12एएक्स7, मागे स्पीकर चालवणारा एकच 6व्ही6, एसीचे डीसी करायला 5वाय3 असे तीन व्हॉल्व्ह (तापून काम करणाऱ्या काचेच्या निर्वात नळ्या), आवाजाचे एक बटण आणि जेमतेम पाच वॅट, एवढाच त्याचा संसार. याहून कमी सामानात गिटारचा ॲम्प्लिफायर होणे अवघड आहे, आणि मी तो निवडला तोही याच कारणासाठी, कारण यात प्रत्येक भागाचा परिणाम कानाला कळतो आणि केलेली चूक कुठेही दडून राहत नाही.

चालू करण्यापूर्वी बाबांच्या पद्धतीप्रमाणे सिरीज बोर्ड, म्हणजे विजेच्या वाटेत एक दिवा घालणारा बोर्ड, मध्ये घेतला. यंत्रात कुठे शॉर्ट असेल तर सिरीजमधला दिवा लख्ख पेटतो आणि यंत्र वाचते. सगळे ठीक असेल तर तो क्षणभर उजळून मंद होतो. यासाठी तारेचाच बल्ब लागतो, कारण तार तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो; एलईडीचा इथे काही उपयोग नाही. इंदूरच्या जेल रोडवर चार दुकानांत मला एलईडीच दाखवले गेले, पाचव्या दुकानदाराने माळ्यावरून 60 वॅटचे दोन जुने बल्ब काढून दिले. आज त्यातला एक उजळला आणि विझत आला, 5वाय3 च्या काचेत नारिंगी रेघ उमटली, आणि दहा-बारा सेकंदांनी 6व्ही6 च्या आत तळाशी लाली दिसू लागली. बाबा नोकरी सांभाळून संध्याकाळी रेडिओ दुरुस्त करत, तेव्हा मागच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून मी हीच लाली पाहत बसत असे. तापलेल्या धुळीचा तो वासही आज तसाच आला, कारण 12एएक्स7 हा त्यांच्याच पत्र्याच्या डब्यातला आहे; त्याच्या काचेवरची ‘भारत इलेक्ट्रॉनिक्स’ ही अक्षरे अर्धीअधिक पुसली गेली आहेत.

मग सिरीज बोर्ड काढला, आवाजाचे बटण जरासे फिरवले, आणि गिटार जोडलेली नसतानाही स्पीकरमधून अशी कर्कश शिट्टी निघाली की आई झोपेतून उठून दारात आली. चूक माझीच होती. या मांडणीत स्पीकरकडे जाणाऱ्या तारेवरून 22 किलोओहमच्या रेझिस्टन्समधून आवाजाचा थोडा अंश मागे, 12एएक्स7 मधल्या दोन ट्रायोडांपैकी (आवाज वाढवणाऱ्या भागांपैकी) दुसऱ्याच्या कॅथोडवर, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकावर, परत आणलेला असतो. तो उलटा येऊन मिळाला तर मूळ आवाजाला आवर घालतो, सुलटा मिळाला तर त्यात भर घालतो आणि यंत्र आपले आपणच गाऊ लागते. व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन तारांची मी अदलाबदल केली होती. वीज बंद केली, वीज साठवून ठेवणाऱ्या कंडेन्सरवरचे साडेतीनशे व्होल्ट उतरेपर्यंत मीटरकडे पाहत थांबलो, मग झटका छातीतून जाऊ नये म्हणून डावा हात खिशात ठेवून तारा सोडवल्या आणि बदलून पुन्हा झाळल्या. शिट्टी गेली. आईला दोन स्वर ऐकवले, ती म्हणाली, “छान आहे रे, पण आता निजा.”

शनिवार, दुपार

आज हात न लावता फक्त लिहायचे ठरवले आहे, कारण ट्रान्सफॉर्मरची हकिकत लिहायची राहिली होती.

मूळ नकाशा अमेरिकेच्या 117 व्होल्ट आणि 60 हर्ट्झसाठी आहे, आणि इंदूरच्या घरात 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ येतात. फेरे बदलले की व्होल्टेजचा प्रश्न सुटतो; पण 60 च्या जागी 50 आले की तेवढ्याच लोखंडावरचा चुंबकीय भार पाचव्या हिश्शाने वाढतो आणि ते तापू लागते, म्हणून गाभाच मोठा घ्यावा लागतो. मल्हारगंजातल्या एका वृद्ध कारागिरांकडे मी हे काम नेले. ते आता मुख्यतः स्टॅबिलायझरचे ट्रान्सफॉर्मर भरतात. पॉवर ट्रान्सफॉर्मरबद्दल त्यांनी काहीच विचारले नाही, पण आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा माझा कागद त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून दोनदा वाचला. एका बाजूला 2500 फेरे, दुसऱ्या बाजूला 100, म्हणजे व्हॉल्व्हला लागणारे पाच हजार ओहम आणि स्पीकरचे आठ ओहम यांचा मेळ बसवणारे पंचवीसास एक हे प्रमाण.

“व्हॉल्व्ह एकच आहे ना?” त्यांनी विचारले. मी हो म्हटल्यावर ते म्हणाले, “मग पत्रे आलटून पालटून भरायचे नाहीत. सगळे एका बाजूने भरू आणि मध्ये कागद घालू.” आणि त्यांनी खरोखरच जुन्या वहीच्या पुठ्ठ्याआतला जाड कागद काढला, कात्रीने तीन पट्ट्या कापल्या, जिभेने ओल्या करून ‘ई’ आकाराच्या पत्र्यांच्या तीन टोकांवर चिकटवल्या आणि वरून ‘आय’ पत्र्यांची थप्पी बसवून आवळली. एकट्या व्हॉल्व्हच्या मांडणीत सुमारे चाळीस मिलिअँपिअरचा डीसी प्रवाह त्याच गुंडाळीतून सतत वाहत असतो आणि गाभ्याला एकाच दिशेने भारून टाकतो. कागदाएवढी फट ठेवली नाही तर खर्जाचे स्वर तिथेच दबतात. मी हे पुस्तकांतून शिकलो होतो. त्यांनी तरुणपणी व्हॉल्व्हचे रेडिओ भरले होते, त्यामुळे ते त्यांच्या हातात होते.

मला यात नवल वाटत नाही. फेंडर कंपनी काढणाऱ्या लिओ फेंडर यांनीही 1938 मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढूनच सुरुवात केली होती, आणि गिटार वाजवायला ते कधीच शिकले नाहीत. चॅम्पची मांडणी पाहिली तर ती रेडिओच्या शेवटच्या टप्प्याचीच सख्खी बहीण आहे. ज्याने व्हॉल्व्हचा रेडिओ उघडला आहे, त्याला इथे परके असे काही सापडत नाही.

एका ठिकाणी मात्र मी मूळ नकाशा सोडला. 5वाय3 दोन-तीन सेकंदांत तापतो आणि 6व्ही6 ला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. त्या मधल्या काळात प्रवाह ओढणारे कोणीच नसते, त्यामुळे पहिल्या कंडेन्सरवर पूर्ण शिखराचे व्होल्टेज चढते. आमच्या रामबागेत रात्री अकरानंतर मीटर 246 व्होल्ट दाखवतो. त्या हिशेबाने ट्रान्सफॉर्मरने चढवलेला हा आकडा 490 च्या आसपास जातो, आणि बाजारात सहज मिळणारा कंडेन्सर 450 व्होल्टचा असतो. म्हणून 33 मायक्रोफॅरड, 350 व्होल्टचे दोन कंडेन्सर मालिकेत लावले आणि प्रत्येकावर 220 किलोओहमचा रेझिस्टन्स बसवला. यामुळे क्षमता साडेसोळा मायक्रोफॅरड होते, जी मूळच्या सोळाला अगदी जवळची आहे. शिवाय यंत्र बंद केल्यावर साठलेली वीजही याच रेझिस्टन्समधून मिनिटभरात उतरते. गुरुवारी तारा बदलताना मला याच गोष्टीचा आधार होता.

6व्ही6 च्या कॅथोडवर 19.4 व्होल्ट आले आहेत. त्याला तिथल्या रेझिस्टन्सच्या 470 ओहमने भागले की 41 मिलिअँपिअर निघतात, आणि स्क्रीनचा, म्हणजे व्हॉल्व्हमधल्या एका जाळीचा, वाटा वजा केला तर व्हॉल्व्हवर जवळजवळ बारा वॅटचा भार पडतो. जुन्या तक्त्यांत या व्हॉल्व्हची मर्यादाही बाराच आहे. मला हे पटते. हा व्हॉल्व्ह पूर्ण भारावरच गातो.

रविवार, रात्री

काल संध्याकाळपासून एक घुमणे छळत होते. बटण शून्यावर असतानाही स्पीकरमध्ये मंद ‘घुंऽऽ’ ऐकू येत असे. कारण व्हॉल्व्ह तापवणाऱ्या फिलामेंटच्या तारांत असेल तर त्याचा सूर 50 हर्ट्झचा असतो, पॉवर सप्लायमध्ये असेल तर 100 चा. लाटा पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप माझ्याजवळ नाही. मग लक्षात आले की गिटार आहे. सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा स्वर 98 हर्ट्झचा असतो. कान स्पीकरजवळ नेऊन तो हळूच छेडला, तर घुमणे त्याच सप्तकात, त्याच्यापेक्षा किंचित चढे निघाले, आणि दोन्ही मिळून सेकंदाला दोनदा लहरणारा आवाज येऊ लागला. म्हणजे शंभर. फिलामेंटच्या तारांना पीळ घालण्यात गेलेली कालची रात्र दोषाच्या जागेपासून दूर गेली होती.

पुढचे काम अर्ध्या तासाचे होते. पहिल्या कंडेन्सरची ऋण बाजू मी सोय पाहून चेसिसला पुढच्या टोकाशी, इनपुट जॅकजवळ जोडली होती. तो कंडेन्सर सेकंदाला शंभर वेळा झटक्याने भरतो, आणि ते झटके चेसिसच्या पत्र्यातून, सर्वांत नाजूक आवाजाच्या शेजारून परत जात होते. ती तार तिथून काढून थेट ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टॅपला झाळली. आता कान स्पीकरला लावल्यावरच थोडे घुमणे ऐकू येते. एका व्हॉल्व्हच्या मांडणीत तेवढे राहतेच.

संध्याकाळी आत्या आली. ती चाळीस वर्षे गाणे शिकवते आहे. विजेच्या गिटारबद्दल तिला फारसे प्रेम नाही, पण तिने खुर्ची ओढून डोळे मिटले. मी पाचवी तार मोकळी छेडली, आधी हलक्या आवाजात, मग बटण अर्ध्यावर नेऊन. “थांब, पुन्हा वाजव,” ती म्हणाली. “आता वरचा सा बोलतो आहे.” तिचा कान चुकत नाही. पाचवी तार 110 हर्ट्झची असते. व्हॉल्व्हवर ताण आला की लाटेची एक बाजू दुसरीपेक्षा आधी वाकते आणि त्यातून 220 हर्ट्झचा, म्हणजे तार षड्जाचा अंश तयार होतो. दोन व्हॉल्व्ह समोरासमोर लावलेल्या मोठ्या ॲम्प्लिफायरमध्ये शेवटच्या टप्प्यावर हा अंश परस्पर कापला जातो. इथे कापणारे कोणी नाही. अभियंते याला विकृती म्हणतात. आत्या तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा अर्धा केस पुढे-मागे सरकवत अशाच वरच्या स्वरांसाठी तासभर बसते, आणि तिच्या घरात त्याला जवारी म्हणतात. मला तिचाच शब्द बरोबर वाटतो.

ती म्हणाली, “पण मोठ्याने वाजवलेस की एकदम फाटतो. जवारी अशी एकदम लागत नाही.” तेही खरे होते. तो 22 किलोओहमचा परतीचा रेझिस्टन्स आवाजाला सरळ ठेवतो तोवर ठेवतो आणि त्याच्या आवाक्याबाहेर गेले की अचानक सोडून देतो. यंत्र बंद करून मी त्याचे एक टोक सोडवले. आवाज वाढला, थोडा सैल झाला, घुमणेही जरा वर आले. पण आता बोट जोरात पडले की वरचा सा हळूहळू उमलू लागला आणि हात हलका केला की मागे सरला. आत्याने मान डोलावली आणि षड्ज लावून पाहिला.

रेझिस्टन्स अजून कापलेला नाही. त्याच्या सुट्या टोकाला क्लिप लावून ठेवली आहे. आठवडाभर दोन्ही प्रकारे वाजवीन, मग ते टोक झाळायचे की काढून टाकायचे हे ठरवीन. ॲम्प्लिफायरच्या पेटीसाठी पीथमपूरहून आलेल्या खोक्याच्या पाइनच्या फळ्या गच्चीत वाळत आहेत.